काजळीपासून पिगमेंटपर्यंत : घरातल्या फोटोची शाई आणि कागद

(अणदूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी विषय सांगितला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. घरी फोटो छापायचा तर शाई कोणती घ्यावी, कागद कोणता घ्यावा. हे सांगायला एखादा दुकानदार बोलवा, मी इतिहासाचा माणूस. पण मग माझ्याच लक्षात आलं की हा प्रश्न दुकानदाराच्या कितीतरी आधीचा आहे. आणि अणदूरला तर तो नवा नाहीच. आपला खंडोबा वर्षातले दहा-सव्वादहा महिने इथे असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. देव एक आणि देवळं दोन. हे नेणं-आणणं होतं ते दोन्हीकडच्या मानकऱ्यांच्या लेखी करारावर. म्हणजे कागदावर शाईने लिहिलेलं टिकलं पाहिजे, वाचता आलं पाहिजे, ही काळजी या गावाला माहीत आहे. आता तुम्ही म्हणाल करार वेगळा आणि फोटो वेगळा. मी तासभर तेच सांगणार आहे, की तो फार वेगळा नाही.

सुरुवात एका फोटोपासून करतो. काही वर्षांपूर्वी लोहारा तालुक्यातल्या एक बाई माझ्याकडे आल्या. गाव सांगत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात त्यांची आई गेली. घर दगडमातीचं, सगळं खाली आलं, आणि नंतर पाऊस लागला. ढिगाऱ्यातून फ्रेममधला एक रंगीत फोटो निघाला. काच फुटलेली, फोटो काचेला चिकटलेला, कडा चिखलाने गेलेल्या. चेहरा मात्र शाबूत. आईचा तेवढाच फोटो. बरीच वर्षं तो ट्रंकेत होता. मग भाच्याने तालुक्याच्या एका दुकानातून त्याची कॉपी छापून आणली, चकचकीत, मूळ फोटोपेक्षा सुंदर. माजघरात लावली, फ्रेम न करता, पुठ्ठ्यावर डकवून. दोन उन्हाळे गेले. चेहरा आधी नारंगी झाला, मग फिका पडायला लागला. त्या ती कॉपी पिशवीत घालून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘सर, माय दुसऱ्यांदा चालली बघा.’

त्या दुकानदाराने काही फसवलं नव्हतं. त्याने जी शाई होती ती वापरली, जो कागद होता तो घातला. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याने कुणाला सांगितलं नाही. आपली चूक एवढीच की ही निवड असते हेच आपण विसरलोय. एकेकाळी विसरलो नव्हतो.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास काढून बघा. त्याचं नावच लेखनक्रियानिरूपण. आपण दासबोध म्हटलं की परमार्थ डोळ्यांपुढे आणतो, पण हा समास म्हणजे कारकुनाची कार्यशाळा आहे. कलमं कशी हवीत, शाई-कागद कसा हवा, पोथी कशी सांभाळावी. आणि त्यात एक फार व्यवहारी गोष्ट सांगितलीय : तरुणपणी हौसेनं बारीक अक्षर काढाल तर ते म्हातारपणी तुम्हालाच वाचता येणार नाही. म्हणजे आज सुंदर दिसतंय हे पुरेसं नाही, तीस-चाळीस वर्षांनी त्याचं काय होईल ते आज ठरवायचं. मला वाटतं प्रिंटरच्या खोक्यावर हे छापायला हवं. (हशा)

त्या काळची शाई कशी होती? तिळाच्या तेलाचा दिवा लावायचा, त्यावर भांडं उपडं धरायचं, काजळी धरायची. मग ती काजळी बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घालून खलायची. तासन् तास खलायची. काजळी म्हणजे कार्बन. त्याला ऊन काही करू शकत नाही, हवा काही करू शकत नाही. आणि कागद? आपल्या मराठवाड्यातच दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा आहे. नावातच कागद. तिथला दौलताबादी कागद आणि तिकडे जुन्नरचा जुन्नरी, हे दप्तरांना माहीत असलेले कागद. चिंध्या, ताग असल्या लांब धाग्याच्या मालाचा लगदा करून हाताने काढलेला, खळ लावून घोटलेला. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल सोडून बघा. अडीचशे वर्षांपूर्वीची मोडी अजून काळीभोर आहे. कसर लागलीय, कडा झडल्यात, पण शाई उडालेली नाही.

या शाईला एकच शत्रू, पाणी. डिंक पाण्यात विरघळतो, काजळी वाहून जाते. युरोपातली जुनी शाई उलट होती. मायफळ आणि हिराकसाची. ती पाण्याला दाद देत नाही, पण आम्ल असल्याने हळूहळू कागदच खाते. काही जुनी पानं अशी असतात की अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक! हे दोन्ही नमुने लक्षात ठेवा. सगळ्याला पुरून उरणारी शाई कधीच नव्हती. तिचा शत्रू कोण हे माहीत असलेला कारकून मात्र होता.

आता फोटोकडे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या काळात फोटो काढत होते. म्हणजे फोटो हिंदुस्थानात फार लवकर आला. आणि तेव्हाचा प्रत्येक फोटोग्राफर स्वतःचा कागद स्वतः तयार करायचा किंवा निदान त्यावर स्वतः रसायन चढवायचा. दुसरा मार्गच नव्हता.

आपल्या शेजारचंच उदाहरण घेतो. राजा दीनदयाळ हे निजामाचे दरबारी फोटोग्राफर. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. १८८०च्या दशकात त्यांनी नळदुर्ग किल्ल्याचे फोटो काढले. निजामाच्या मुलखातल्या दृश्यांचा १८९२चा एक अल्बम पुढे लॉर्ड कर्झनच्या संग्रहात गेला, तो आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे, त्यात ते आहेत. आता ते फोटो कशावर छापले होते? अंड्यावर. हसू नका, खरंच अंड्यावर. १८५०मध्ये ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच माणसाने ही रीत काढली. चिंध्यांचा पातळ कागद घ्यायचा, मीठ घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकावर तो तरंगवायचा, वाळवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवायचा. काचेच्या निगेटिव्हखाली दाबून उन्हात ठेवायचा. चित्र तुमच्या डोळ्यांदेखत उमटतं. मग सोन्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून रंग आणायचा, हायपोत पक्कं करायचं आणि धूत बसायचं. जर्मनीत ड्रेस्डेनचा असला कागद करणारा कारखाना १८८८च्या सुमाराला दिवसाला ६० हजारांच्या घरात अंडी वापरत होता. म्हणजे आपला पाणी महाल, जिथे शेकडो वर्षं बोरी नदीचं पाणी कोसळतंय, तो कागदावर टिकलाय कोंबडीच्या कृपेनं.

तो टिकलाय, पण पिवळा होऊन. अंड्याचा बलक जुना झाला की पिवळतोच, त्याला इलाज नाही. दीनदयाळांच्या काचेच्या निगेटिव्ह मात्र चांगल्या राहिल्या. त्यातल्या २,८५७ पट्ट्या १९८९मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. निगेटिव्ह असेल तर प्रिंट पुन्हा काढता येते. त्या बाईंच्या आईची निगेटिव्ह कुठे असणार? स्टुडिओवाल्याकडे होती की लग्नाच्या फोटोग्राफरकडे, हेही माहीत नव्हतं.

फोटो उडतो ही तक्रारही फोटोइतकीच जुनी आहे. १८५५ साली लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने चक्क एक समिती नेमली, फोटो फिके का पडतात ते शोधायला. राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याने, प्रिन्स अल्बर्टने, त्यासाठी पन्नास पौंड दिले. समितीने सांगितलं की मुख्य दोष हायपोचा. फोटो नीट धुतला नाही, हायपो कागदात राहिला, की त्यातला गंधक चांदीला खातो. त्यात दमट हवा मिळाली की झालंच. म्हणजे फोटो टिकायला पाणी लागतं, भरपूर आणि स्वच्छ पाणी. आता हे दुष्काळी भागातल्या स्टुडिओत नेऊन बघा. एप्रिल महिना, पाण्याला घागरीचा हिशोब, फोटो किती वेळा धुणार? आपल्या घरातल्या जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवर जे तपकिरी-पिवळे डाग असतात ना, त्यातले बरेच या अपुऱ्या धुण्याचे. आजोबांच्या चेहऱ्यावरचा डाग म्हणजे त्या साली विहिरीत पाणी किती होतं त्याची नोंद असू शकते. इतिहासवाल्याला असं काही दिसलं की बरं वाटतं, घरच्यांना वाटत नाही.

पण मला जास्त आवडते ती पुढची गोष्ट. चांदी उडते म्हटल्यावर फ्रान्समध्ये प्वातव्हँ आणि मग इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान यांनी काय केलं? त्यांनी फोटोत चांदी ठेवलीच नाही. जिलेटिनमध्ये काजळी कालवली आणि तिचं चित्र केलं. १८६४मध्ये स्वानने ही कार्बन प्रिंट सुटसुटीत केली. म्हणजे फिरून गाडी आपल्या कारकुनाच्या दिव्याशी आली. आणि त्या कार्बन प्रिंट आजही जशाच्या तशा आहेत.

विसाव्या शतकावर मी भरभर जातो, कारण त्यात आपल्याला निवड फारशी नव्हती. ब्रोमाइड पेपर तयार मिळायला लागला. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स १९६०मध्ये निघाली, १९६७पासून माल यायला लागला, ‘इंदू’ नावाचा. न्हाणीघरात लाल बल्ब लावून हौशी लोक त्यावर घरी फोटो छापायचे. तो बहुधा आपल्याकडचा घरी फोटो छापण्याचा पहिला काळ. त्या फोटोंना चांगलं धुतलं असेल तर शंभर वर्षं काळजी नाही.

मग रंग आला. रंगीत फोटोत चांदी नसते बरं का, ती धुण्यात निघून जाते. उरतात तीन रंगद्रव्यं, निळसर, किरमिजी, पिवळं, आणि ती रसायनं आहेत, सेंद्रिय, नाजूक. कोडॅकने १९४२मध्ये सामान्य माणसासाठी रंगीत प्रिंट काढल्या. पुढच्या दहा-अकरा वर्षांतल्या त्या प्रिंटपैकी आज बहुतेक पिवळ्या पडून गेल्यात. सत्तरच्या दशकातल्या कागदांत निळसर रंग अंधारातसुद्धा उडायचा. अल्बममध्ये, कपाटात, कुलपात. म्हणून तुमच्याकडचे त्या काळचे लग्नाचे फोटो लालसर दिसतात. ऊन लागलं म्हणून नव्हे, नुसता काळ आणि उकाडा लागला म्हणून. आणि लॅबवाला आपल्याला विचारायचा काय? ‘ग्लॉसी की मॅट?’ एवढीच निवड शिल्लक राहिली होती.

हे सगळं मोजून, तपासून, कंपन्यांची नावं घेऊन लिहिणारा माणूस अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ग्रिनेल नावाच्या लहान गावात बसला होता. हेन्री विल्हेल्म. त्याचा रंगीत फोटोंच्या टिकाऊपणावरचा जाडजूड ग्रंथ आला तो १९९३मध्ये. ज्या वर्षी आपल्याकडे माणसं ढिगाऱ्यातून फोटो काढत होती, त्याच वर्षी. मी त्याचा काही अर्थ लावत नाही, फक्त साल तेच आहे.

आता घरातला प्रिंटर. इथे मात्र निवड परत आपल्या हातात आली. बाटली आपण विकत घेतो, कागद आपण विकत घेतो. पण आपण विचारतो काय? ‘कितीला पडतं?’

शाई दोन जातींची, हे पक्कं ध्यानात ठेवा. एक डाय. साखर पाण्यात विरघळते तसा रंग विरघळलेला. दुसरी पिगमेंट. यात रंग विरघळत नाही, त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. काजळीच्या शाईसारखे. सारखे म्हणजे काय, पिगमेंटची काळी शाई ही कार्बनचीच असते! तंत्र नवं, काजळी जुनीच. डायचे रंग उजळ आणि शाई स्वस्त, चकचकीत कागदावर तर डोळे दिपतात. पण रंगाचा रेणू एकटा, उघडा. उजेडाने, हवेने लवकर मोडतो. पिगमेंटच्या कणात हजारो रेणू गोळा असतात. वरचे गेले तरी आतले राहतात.

२००० साली एक गोष्ट घडली ती सांगण्यासारखी आहे. एप्सनने स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे प्रिंटर काढले. फोटो दहा वर्षं टिकतील अशी जाहिरात. लोकांनी हौसेनं घेतले, आणि काहींचे फोटो काही आठवड्यांत, काहींचे तर काही दिवसांत नारंगी झाले. काहींचे मात्र नीट राहिले. कोडं पडलं. शेवटी लक्षात आलं की दहा वर्षांची चाचणी उजेडाची होती. फोटो खात होती हवा. हवेतला ओझोन निळसर रंग मोडत होता. आणि दोष एकट्या शाईचा नव्हता, कागदाचाही होता.

म्हणजे असं, की झटपट वाळणाऱ्या चकचकीत फोटो पेपरवर सच्छिद्र थर असतो. शाई त्या छिद्रांत शोषली जाते, हाताला लागत नाही, आपण खूश. पण ज्या छिद्रातून शाई आत जाते त्याच छिद्रातून हवाही जाते. काचेच्या फ्रेममध्ये बंद केलेला तोच फोटो बरा राहतो. उघड्या भिंतीवर, पंख्याखाली लावलेला जातो. त्या बाईंच्या आईचा चेहरा आधी नारंगी का झाला, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. डाय शाई, सच्छिद्र कागद, उघडं माजघर आणि वर पंखा.

मग त्यांना काय सांगितलं? मूळ फोटो आधी स्कॅन केला, काचेसकट. काच ओढली असती तर चेहरा सोलून आला असता, हे कृपा करून कुणी करू नका. मग पिगमेंट शाईवर, कापसाच्या मॅट कागदावर प्रिंट काढून घेतली. महाग पडली. रंग त्या चकचकीत कॉपीइतके भडक नाहीत, साडीचा हिरवा थोडा मंद दिसतो. बाईंना ते पहिल्यांदा आवडलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. फ्रेमवाल्याला सांगून काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची कड घातली, म्हणजे फोटो काचेला टेकत नाही. देव्हाऱ्यापासून लांब लावला, कारण उदबत्तीची काजळी शाईसाठी चांगली, फोटोवर चांगली नाही. (हशा)

आता हेच मी सगळ्यांना सांगेन का? नाही. नातवाच्या वाढदिवसाचे पन्नास फोटो असतील तर डाय आणि साधा ग्लॉसी कागद खुशाल वापरा. अल्बममध्ये बंद राहतात, बरे टिकतात, आणि मूळ फाइल जपून ठेवली तर पुन्हा निघतात. पिगमेंटचे प्रिंटर महाग. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात महिनाभर न वापरता ठेवले की हेड चोंदतं, मग दुरुस्ती त्याहून महाग. पिगमेंटलाही शत्रू आहे, घासणं. वर बसलेला रंग ओरखड्याने जातो. आणखी एक : चार बाटल्यांच्या बऱ्याच घरगुती प्रिंटरांत काळी पिगमेंट असते आणि रंग डाय. त्यामुळे ‘आमच्यात पिगमेंट आहे’ यावर जाऊ नका. फोटोच्या कागदावर छापताना तो प्रिंटर बहुधा ती काळी बाटली बाजूलाच ठेवतो.

कागदाचं विचाराल तर दुकानात पहिला शब्द ऐकू येतो जीएसएम. १८०, २३०, २७०. ते वजन आहे, आयुष्य नव्हे. पेशवे दफ्तराचे कितीतरी कागद आजच्या कुठल्याही फोटो पेपरपेक्षा हलके भरतील. विचारायचं हे की लगदा कशाचा आणि आम्ल आहे का. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातली देवांची चित्रं घ्या. छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, मग मळवलीला गेला. तेलातली रंगीत शाई, शिळाप्रेस, आणि त्यातल्या अनेक चित्रांचे रंग अजून तजेलदार आहेत. पण पाठीमागचा कागद बघा, तपकिरी होऊन कडकड मोडतो. शाई टिकली, कागदाने दगा दिला. उलट फार पांढराशुभ्र निळसर झाक मारणारा कागदही संशयाने बघा. ती चमक त्यात घातलेल्या रसायनाची असते, काही वर्षांनी ती विझते आणि कागद पिवळा दिसतो. लॅमिनेशनबद्दल लोक विचारतात. हवा अडते हे खरं, पण उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. एकुलत्या एक मूळ फोटोला तर कधीच करू नका.

शेवटी एक घरगुती रीत सांगतो, तिला पैसे लागत नाहीत. तुम्ही ज्या शाईने, ज्या कागदावर छापणार, त्यावर एका चेहऱ्याची लहान प्रिंट काढा. निम्म्या भागावर काळा जाड कागद पक्का लावा आणि ती खिडकीजवळ टांगा. पुढच्या गुढीपाडव्याला कागद काढून दोन्ही बाजू शेजारी बघा. विल्हेल्मने दिवे आणि यंत्रं लावून केलं, ते आपल्याला ऊन फुकट देतं.

मी तशा चार पट्ट्या आणल्यात. दोन डायच्या, एक पिगमेंटची, आणि एक मुद्दाम काजळी खलून हाताने रेघा ओढलेली. दीड वर्ष माझ्या पश्चिमेच्या खिडकीत होत्या. तिकडे टेबलावर ठेवल्यात, जाताना बघून जा. काजळीच्या पट्टीला ओला हात तेवढा लावू नका.